हसता हसता पुसलेले डोळे

मी रोह्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि राहते पेणला. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी मिळेल त्या गाडीने नाहीतर एसटीने परतायचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते शाळेत आलेल्या आठ टॅबबद्दल, आणि त्यातल्या एका टॅबवर मी जे केलं त्याबद्दल. शाळेबाहेर आजवर हे मी तिघाचौघांना सांगितलं, पण दर वेळी कुठला ना कुठला भाग गाळला. आज गाळायचा नाही असं ठरवून बसलेय.

टॅब जवळच्या एका कंपनीने शाळेला दिले होते. मुख्याध्यापकांनी ते कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात दिली. कारण एवढंच, की स्नेहसंमेलनाला मी मोबाइलवर फोटो जोडून, मागे गाणं टाकून एक व्हिडिओ केला होता आणि तो सगळ्यांना आवडला होता. तेवढ्यावर मी नववीला ‘डिजिटल गोष्ट’ शिकवणारी बाई झाले. पनवेलला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. स्टोरीबोर्ड हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला आणि सोमवारी वर्गात असा वापरला, जसा काही मी तो वर्षानुवर्षं शिकवत आलेय.

मुलांना सांगितलं, आपल्या आसपासच्या एका माणसाची गोष्ट आणा, तीन-चार मिनिटांची. मुलं आळीपाळीने टॅब घरी घेऊन गेली. बहुतेकांनी ‘पाणी वाचवा’ आणि ‘झाडे लावा’ आणलं. एकाने आजोबांना खुर्चीवर बसवून त्यांच्याकडून स्वच्छतेवर भाषण म्हणून घेतलं होतं. मी ‘छान, छान’ म्हणत घड्याळाकडे बघत होते.

मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. निडी स्टेशनच्या पुढे नदीच्या अंगाला आदिवासी वाडी आहे, तिथून ती यायची. हजेरीपलीकडे तिचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. तिने टॅब माझ्या टेबलावर ठेवला, प्रोजेक्टरची वायर स्वतःच लावली आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

पडद्यावर तिची आई होती. दारात बसून वाल सोलत होती. तोंडावर ऊन, पायाजवळ कोंबडी. आई सांगत होती, एकदा रस्त्याला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायला बसली असताना एक स्कूटरवाला थांबला. तिने त्याला चार चिंबोऱ्या पानात बांधून दिल्या आणि त्याने ती पुडी पायाशी ठेवली.

“फाटकाजवळ गेला न् गाडी टाकूनच दिली त्यानं. नाचाया लागला! फाटकवाला म्हनतो, याच्या अंगात आलं. मी धावत गेली. बगते तर चिंबोरी प्यांटीत! आता मी हात घालू तरी कुठं?”

एवढं बोलून ती बाई हसायला लागली. सोललेला वाल हातातून गळाला, तिला श्वास पुरेना. टॅब धरणारी मुलगीही हसत असणार, कारण चित्र हलत होतं. शेवटी आईने पदर घेऊन दोन्ही डोळे पुसले, “पुरं गो, बंद कर ते,” म्हणाली आणि क्लिप संपली.

वर्ग नुसता लोळत होता. मीही हसले. टेबलाला धरून हसले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी असं वागले की जसं ते हसू मी पाहिलंच नव्हतं.

महिन्याभरात एका स्पर्धेचं पत्रक आलं. शाळांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या फिल्म पाठवायच्या होत्या, विषय होता परिसरातली माणसं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. “मॅडम, टॅब मिळालेत तर काहीतरी दिसलं पाहिजे. नंबर आणा.” मी त्यांना ती चिंबोरीची गोष्ट सांगितली. ते हसले, आणि मग म्हणाले, “हे शाळेतलं ठीक आहे हो. प्यांटीतला खेकडा काय पाठवायचा आपण? परीक्षकांना काळजाला भिडेल असं लागतं.”

दोष त्यांच्यावर ढकलायचा नाही. त्यांनी एक वाक्य बोलून सोडून दिलं होतं. उरलेलं सगळं मी केलं.

रविवारी टॅब पेणला घरी आणला. दुपारी जेवणं झाल्यावर पलंगावर बसून ती क्लिप तुकडे तुकडे केली. आईचा आवाज बंद केला. मागे बासरी लावली, असते तसली, ओढून ओढून वाजणारी. रंग काढून टाकले. वाल सोलणारे हात सावकाश केले, इतके सावकाश की कष्ट वाटावेत. आणि शेवटचं ते डोळे पुसणं मी उचलून मधोमध आणून ठेवलं.

माझे मिस्टर गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. मूर्तीचे बाकी रंग कुणीही भरतं, डोळे यांच्याकडे येतात. ते पाणी प्यायला आत आले, माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

“रडते आहे का ही?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“नाही गं. गाल वर गेलेत बघ. रडताना गाल असे वर जात नाहीत. ही हसते आहे.”

ते बाहेर गेल्यावर मी तो शॉट मोठा केला. इतका मोठा, की पडद्यावर फक्त पदर आणि डोळे उरले. गाल चौकटीबाहेर गेले. त्या क्षणी मला नक्की माहीत होतं मी काय करतेय. चुकून झालं, अजाणता झालं, असं म्हणायला मी स्वतःलाही जागा ठेवलेली नाही.

मग त्या मुलीच्या तोंडी घालायचं निवेदन लिहिलं. शाळेत मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लावून मुलीला समोर बसवलं आणि कागद दिला. पहिलं वाक्य होतं, ‘माझी आई रोज रडते, पण कुणाला दिसू देत नाही.’

ती कागदाकडे बघत राहिली. “बाई, आई रोज रडत नाय.”

“अगं, गोष्टीत असं म्हणावं लागतं.”

“पन ती रडतच नाय.”

“रडत नाही,” मी म्हटलं. “नाय नको. नाही म्हण.”

तिचा मुद्दा मी ऐकला नाही, तिचा उच्चार सुधारला. मी स्वतः पेणच्या खाडीकडच्या गावातली. माझी आई मिठागरावर जायची. डी.एड.ला पहिल्याच पाठात माझ्या तोंडून ‘नाय’ गेलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. महिन्याभरात मी बोलणं बदललं, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईशीसुद्धा तसंच बोलायला लागले. आईने एकदाच विचारलं होतं, “माझ्याशी पन का गो असं बोलतेस?” ज्या बाईला हे ठाऊक आहे, तिने ‘नाय’ला ‘नाही’ करायला त्या पोरीकडून ते वाक्य दहा-अकरा वेळा म्हणून घेतलं. शेवटी ती दमली आणि तिचा आवाज आपोआप रडवा झाला. मी म्हटलं, “हां, आता आलं बरोबर.”

उठताना तिने विचारलं, “चिंबोरीचं कुठं येनार?”

“ते आपण वेगळं ठेवू,” मी म्हटलं.

वेगळं ठेवलं नाही. फिल्म तयार करायला टॅबमध्ये जागा पुरेना. पडद्यावर पट्टी आली, जागा मोकळी करा. मी मूळ क्लिप निवडली आणि पुसून टाकली. दुसरीकडे उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. माझी गाडी सुटत होती.

फिल्मला पहिला नंबर मिळाला. बक्षीस समारंभ पेणच्याच एका सभागृहात होता. मुलीने घरी सांगितलं होतं की आई, तुझा शिनेमा लावणार आहेत. आई निडीहून गाडीने आली, वाडीवरच्या दोघी शेजारणींना घेऊन. तिघी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. दारात मला बघून आई म्हणाली, “बाई, या दोघी कालपासून हसतात नुसत्या. चिंबोरीचं सगल्या वाडीला म्हाईत हाय.” मी ‘या, बसा’ म्हटलं आणि त्यांना चौथ्या रांगेत बसवलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. दोन मिनिटं होती. सांगितलं नाही.

दिवे मालवले. पडद्यावर आईचं तोंड आल्या आल्या तिघीही हसायला लागल्या, एकमेकींना कोपर मारू लागल्या. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं. मग बासरी सुरू झाली. मग लेकीचा आवाज आला, ‘माझी आई रोज रडते.’ शेजारणी गप्प झाल्या. मी भिंतीला टेकून उभी होते, तिथून मला आईचा चेहरा एका बाजूने दिसत होता. ती पडद्याकडे बघत नव्हती. शेजारी बसलेल्या लेकीकडे बघत होती. लेक खाली मान घालून बोटं चोळत बसली होती. सभागृहात लोक नाकं पुसत होते.

पाहुण्यांनी आईला स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, ‘या माउलीचं दुःख’ वगैरे बोलले. सूत्रसंचालकाने माइक तिच्यासमोर धरला. “ताई, दोन शब्द बोला.”

ती माइकपासून जरा मागे सरली. मग म्हणाली, “मी रडत नव्हती. हसत व्हती मी.”

आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. “बघा,” सूत्रसंचालक भरल्या गळ्याने म्हणाला, “दुःखातही हसणारी आई!” लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ती नारळ हातात धरून सगळ्यांकडे बघत राहिली. तिने खरं सांगितलं होतं आणि कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं. त्या अख्ख्या सभागृहात लेक आणि त्या दोघी शेजारणी सोडल्या तर तिचं म्हणणं समजणारी मी एकटी होते, आणि मी टाळ्या वाजवत होते.

नंतर पेण स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. शेजारणी लांब बाकावर बसल्या. आई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “बाई, ते चिंबोरीचं कुठं गेलं?”

“आहे ना,” मी म्हटलं. “शोधून देते.”

“तेवढं द्या. यांना दाखवायचं हाय. या म्हनतील, हिनं आमाला रडं दाखवाया आनलं.”

“देते, नक्की देते.”

बक्षिसाची ढाल मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात गेली. कुणीतरी फिल्म व्हॉट्सॲपवर टाकली आणि ती रोह्यात फिरली. मुलीचे वडील कंपनीत रोजंदारीवर जायचे. अबोल माणूस, पालकसभेला यायचे ते दाराशी उभे राहायचे. त्यांच्या सुपरवायझरने मोबाइलवर ती फिल्म लावून चारचौघांत विचारलं, “काय रे, बायकोला रोज रडवतोस काय?” हे मला मुलीनेच सांगितलं, वह्या द्यायला आली तेव्हा. “बाबा दोन दिस जेवला नाय नीट,” एवढंच म्हणाली. आणि मग, “बाई, ते मिळालं का?”

“शोधतेय.”

आणखी एकदा तिने विचारलं. मी पुन्हा ‘शोधतेय’ म्हटलं. त्यानंतर तिने विचारायचं सोडलं आणि डिजिटल गोष्टीच्या तासाला ती ग्रंथालयात जाऊन बसायला लागली. मी तिला बोलावलं नाही. खरं सांगायचं तर ती समोर नसली की मला बरं वाटायचं.

असे दोन महिने गेले. एके दिवशी वर्गात एका मुलाने त्याच्या आजीची फिल्म दाखवली. आजी ओट्यावर बसून भाजी चिरत होती आणि मधेच डोळे पुसत होती. त्याने मागे बासरी लावली होती आणि चित्र काळंपांढरं केलं होतं. “रडते आहे का आजी?” मी विचारलं. “नाय बाई, कांदा चिरत व्हती,” तो म्हणाला. “तुम्ही त्या फिल्ममध्ये केलं ना, तसं केलं.” तो खूश होऊन शाबासकीची वाट बघत होता. मुलं माझ्याकडून काय शिकली ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्याच सुट्टीला मी निडीला उतरले आणि वाडीवर गेले. आई घरी नव्हती, वालाच्या शेतात मजुरीवर होती. लेकही मदतीला होती. मी बांधावर उभी राहिले. आईने ओळखलं, हात झाडत आली. “बाई, मिळालं?”

“नाही,” मी म्हटलं. “मिळणार नाही. मी ते पुसून टाकलं. त्याच वेळी, समारंभाच्या आधीच. टॅबमध्ये जागा नव्हती म्हणून.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे बाई. अशी माणसं माफ करून टाकतात असं मी गाडीत बसून धरून चालले होते, हीसुद्धा लाज वाटण्यासारखीच गोष्ट. ती तसं म्हणाली नाही.

“मंग इतके दिस शोधते, शोधते काय सांगत व्हतात?”

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“पोरीला सांगा तुमीच,” ती म्हणाली. “ती रोज वाट बगते.”

लेक तीन सरींपलीकडे वाकून शेंगा तोडत होती. मी तिच्यापाशी जाऊन सांगितलं. तिने मान वर केली नाही. “मला म्हाईत हाय बाई. समारंभाच्या आदल्या दिवशी टॅबमधी बगितलं व्हतं मी. नव्हतं.”

“मग तू विचारत का होतीस?”

“तुमी शोधते म्हनालात. मला वाटलं, दुसरीकडं ठेवलं असंल.”

आदल्या दिवशी तिला कळलं होतं, तरी तिने माझ्यावर विश्वास टाकून ठेवला होता. मी दर वेळी ‘शोधतेय’ म्हणत तो खर्च करत होते.

पिशवीत मी टॅब आणला होता. पुन्हा शूट करू, मूळची होती तशीच फिल्म करू, असा बेत होता. आईला तसं विचारलं. ती नको म्हणाली नाही. शेताच्या कडेला बसली, लेकीने टॅब धरला. पण आईने आधी केस सारखे केले, पदर डोक्यावरून घेतला, मान ताठ केली आणि माझ्याकडे बघून अगदी मनापासून विचारलं, “बाई, आता काय करू? हसू का रडू?”

लेकीने टॅब खाली घेतला. मी तो पिशवीत घातला. आई कामाला परत गेली, मुकादम हाक मारत होता.

त्यानंतर मी नववीच्या वर्गात उभी राहून सगळं सांगितलं. ती मुलगीही होती. मिस्टर जे बोलले तेही सांगितलं, शॉट मोठा केला तेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, “बाई, मग ढाल परत द्यायची का?” मी म्हटलं, हो. मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, “कशाला मॅडम? शाळेचं नाव होतं. आणि फिल्म खोटी थोडीच आहे, गरिबी तर आहेच ना?” आयोजकांना पत्र लिहायचं मी ठरवलं, दोन ओळी लिहिल्याही. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली. पत्र पाठवलं नाही. ढाल अजून त्याच कपाटात आहे आणि पालकसभेला पालक ती बघतात.

वडिलांच्या सुपरवायझरला मात्र मी कंपनीच्या गेटवर जाऊन भेटले. फिल्ममधलं वाक्य माझं आहे, मुलीचं नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, “अहो मॅडम, मी मस्करी केली होती.” मुलीचे वडील जरा अंतरावर हेल्मेट हातात घेऊन उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला. मी त्यांनाही सांगायला हवं होतं, निदान माफी मागायला हवी होती. शिफ्टचा भोंगा झाला आणि ते आत गेले.

तास मी अजून घेते. आता कापाकापी करताना मूल शेजारी बसतं आणि बटण तेच दाबतं. ज्याची गोष्ट आहे त्याने बघून हो म्हटल्याशिवाय फिल्म वर्गात लागत नाही. यात काही मोठेपणा नाही. पहिल्या दिवसापासून एवढं करायला हवं होतं.

ती मुलगी दहावी झाली, आता रोह्यालाच बारावीला आहे. कधी कधी स्टेशनवर दिसते. बोलते, अभ्यासाचं सांगते, आई बरी आहे म्हणते. परवा संध्याकाळी मी प्लॅटफॉर्मवर आले तर ती पलीकडच्या टोकाला उभी होती. हातात मोबाइल आडवा धरून भेळवाल्या म्हातारीला शूट करत होती. म्हातारी काहीतरी सांगत होती, ही मान हलवत होती. मी उगाच आनंदाने भराभर चालत तिच्याजवळ गेले.

“काय करतेस गं?” मी विचारलं.

तिने मोबाइल खाली केला. “काय नाय, बाई,” ती म्हणाली, आणि तो दप्तरात ठेवून चेन लावली.